उत्तरेच्या छपराची साळू

मुलांनो, ही गोष्ट सांगताना मला राग येतो. ऐकताना तुम्हालाही आला, तर तो दाबून ठेवू नका.

दाट जंगलाच्या मधोमध एक टेकडी होती आणि वणव्यात जुनी घरे जळाल्यावर तिच्या चारही उतारांवर प्राणी नवी घरे बांधून राहत असत. दक्षिणेच्या उतारावर कोल्हा राहत असे, पूर्वेच्या उतारावर रानकोंबडी आणि पश्चिमेच्या उतारावर मुंगूस. उत्तरेच्या उतारावर साळू राहत असे. साळू म्हणजे अंगभर काटे असलेली साळिंदर. ज्याचे घर ज्या उतारावर, त्याचे छप्परही त्याच दिशेला कललेले होते.

माणसे सोडून गेलेल्या एका वस्तीतून माकडांनी सौरपाट्या उचलून आणल्या होत्या. सगळ्या एकाच मापाच्या, एकाच बनावटीच्या. प्रत्येकाने आपल्या छपरावर एकेक पाटी बसवली. पाटीवर ऊन पडले की वीज तयार होई आणि तारेवाटे टेकडीखालच्या मोठ्या गुहेत जाई. थंडीच्या दिवसांत त्या विजेवर गुहेतली शेगडी चाले आणि टेकडीवरची सगळी पिल्ले तिच्याभोवती ऊब घेत. उन्हाळ्यात त्याच विजेवर खोल विवरातले पाणी वर खेचणारा पंप चाले. कोणाच्या घरून दिवसभरात किती वीज आली, हे दाखवणारे मीटर गुहेच्या भिंतीवर ओळीने लावलेले होते.

गुहेचा कारभार कोल्हा पाही. कोणी त्याला नेमले नव्हते. तो बोलायला पुढे असे आणि बाकीचे ऐकायला, एवढेच.

थंडी पडली. रोज संध्याकाळी कोल्हा मीटरसमोर उभा राही आणि मोठ्याने जाहीर करी, "आज सर्वांत जास्त वीज दक्षिणेची. म्हणजे माझी. पूर्व आणि पश्चिम बरी. आणि सर्वांत कमी... सांगायला नकोच. साळूताई, तुम्हीच. आळस सोडा जरा."

रोज हेच. मग एका संध्याकाळी त्याने नियम काढला. "ज्याची वीज जास्त, त्याची पिल्ले शेगडीजवळ. ज्याची कमी, त्याची पिल्ले दाराशी. यात अन्याय काहीच नाही. मीटर काय खोटं बोलतो?"

त्याची स्वतःची पिल्ले शेगडीला खेटून बसली. त्यांच्यामागे कोंबडीची पिल्ले, मग मुंगसाची. साळूचे एकुलते एक पिल्लू गुहेच्या तोंडाशी गेले, जिथे बोचरा वारा थेट आत शिरत असे. त्याचे काटे अजून मऊ होते.

साळू म्हणाली, "अहो, मी रोज ओल्या पाल्याने पाटी पुसते. धुळीचा कण ठेवत नाही."

"मग वीज जाते कुठे?" कोल्ह्याने विचारले. "घरात लपवून ठेवता की काय?"

हे ऐकून गुहेत हशा पिकला. साळूच्या घराची झडती घ्यायला मुंगसाला पाठवण्यात आले. त्याने तिचे अंथरूण उचकटले, साठवलेली कंदमुळे अंगणात फेकली, भिंतीला भोके पाडून पाहिले. काही सापडले नाही. सापडणार काय होते? मुंगूस परत जाऊन म्हणाला, "वीज नाही सापडली." पण साळूची क्षमा मागावी असे ना त्याला वाटले, ना त्याला पाठवणाऱ्यांना. आणि पिल्लू दाराशीच राहिले.

चार दिवसांनी पिल्लाला खोकला झाला. त्याची छाती घरघरू लागली. त्या दिवशी साळू गुहेत आली ती सगळे काटे ताठ उभे करूनच. तिच्या काट्यांचा खडखडाट ऐकून रानकोंबडीने आपली पिल्ले पंखाखाली घेतली.

"कोल्होबा, मी आळशी आहे ना?" साळू म्हणाली. "चोर आहे ना मी? मग आपण पाट्या बदलू. तुमची पाटी माझ्या छपरावर, माझी तुमच्या. पाहू दे सगळ्यांना."

कोल्हा शेपटी चाटत म्हणाला, "कशाला उगाच ती उलथापालथ?"

"भिता?"

सगळे पाहत होते. कोल्ह्याला नाही म्हणता येईना. माकडांनी पाट्या उतरवल्या, बदलल्या, तारा नीट जोडल्या. दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र होते. संध्याकाळी सगळे मीटरसमोर जमले. कोल्ह्याच्या छपरावर लावलेल्या साळूच्या पाटीने सर्वांत जास्त वीज दिली होती. आणि कोल्ह्याची ती चकचकीत, नावाजलेली पाटी साळूच्या छपरावर जाऊन सर्वांत मागे पडली होती.

गोष्ट साधी होती, मुलांनो. थंडीत सूर्य दक्षिणेकडून खालून खालून जातो. दक्षिणेकडे कललेल्या छपरावर त्याचे किरण समोरून पडतात. पूर्वेच्या छपराला सकाळ चांगली मिळते, पश्चिमेच्या छपराला दुपार. उत्तरेच्या छपराकडे मात्र सूर्याची पाठ असते. तिथे पाटी सोन्याची लावा, नाही तर रोज दुधाने धुवा, आकडा वर चढत नाही.

"म्हणजे दोष पाटीचा नाही," रानकोंबडी हळूच म्हणाली.

"साळूताईचाही नाही," माकडांपैकी एकजण म्हणाला.

कोल्ह्याने मीटरकडे पाठ फिरवली. मग घसा साफ करून म्हणाला, "ठीक आहे. दोष घराचा आहे. पण हिला उत्तरेला राहायला सांगितलं कोणी?"

"तुम्ही!" साळू कडाडली. "वणव्यानंतर घरांच्या जागा वाटल्या कोणी? मी दक्षिणेला जागा मागितली, तेव्हा कोण म्हणालं, 'तुम्हाला उत्तरेचा गारवाच मानवेल, ताई'? तुम्हीच जागा दिलीत, आणि आता तीच जागा माझा गुन्हा?"

साळूने एकेकाकडे पाहिले. "कोंबडीबाई, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. माझ्या पिल्लाला थोडं आत घ्याल?"

रानकोंबडी पायाने माती उकरू लागली. "घेतलं असतं हो. पण माझी पिल्लं अजून लहान आहेत. आणि नियम मी थोडाच केलाय?"

"मुंगूसभाऊ?"

"कोल्होबा म्हणतील तसं," मुंगूस भिंतीकडे बघत म्हणाला.

मला सर्वांत जास्त राग येतो तो इथे. कोल्हा लबाड होता, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. पण बाकीच्यांना खरे काय ते कळले होते. स्वतःच्या डोळ्यांनी त्यांनी ते पाहिले होते. तरी एकही जण आपल्या उबदार जागेवरून तसूभर हलला नाही.

साळूने पिल्लाला पाठीवर नाही घेतले, काटे टोचले असते. तिने त्याला तोंडाने हळुवार ढकलत, थांबत थांबत घरी नेले. मग छपरावर चढून तिने गुहेकडे जाणारी तार दातांनी तोडली. "माझी थोडीशीच वीज आहे ना? ती माझ्या पिल्लाला पुरेल," ती म्हणाली. त्या थोड्या विजेवर तिने घरात एक लहानसा दिवा लावला, उबेसाठी पिल्लाला त्याच्याजवळ निजवले, दाराच्या फटी मातीने लिंपल्या. सगळा हिवाळा ती त्याच्या छातीला पाला शेकून लावत राहिली. पिल्लू जगले. त्याचा आवाज मात्र कायमचा बसला, आणि पळताना त्याला धाप लागू लागली.

ऋतू पालटला. झरे आटले, पाने गळाली, जमीन तव्यासारखी तापली. सूर्य दिवसेंदिवस वर वर चढत गेला आणि वैशाखाच्या शेवटाला डोक्यावरून थोडा उत्तरेकडे झुकला. त्याबरोबर कोल्ह्याच्या छपरावरचे ऊन तिरपे झाले. दक्षिणेचा आकडा रोज खाली येऊ लागला. आणि काय चमत्कार पाहा, त्याच सुमारास कोल्ह्याने संध्याकाळी आकडे जाहीर करणे बंद केले! "रोज रोज काय मोजायचं?" तो म्हणे. "आपण सगळे एकाच टेकडीचे."

पण पंपाला गोड बोलण्याने चालता येत नव्हते. दक्षिण, पूर्व, पश्चिम या तिन्ही घरांची वीज एकत्र केली, तरी तो नुसता घरघर करी आणि बंद पडे. विवरात पाणी होते, ते वर येईना. पिल्ले कोरड्या जिभा बाहेर काढून गुहेत पडून राहिली. उत्तरेच्या छपरावर मात्र लख्ख ऊन होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. साळूच्या घरातला दिवा भर दुपारीही डोळे दिपतील इतका जळत होता.

शेवटी पिल्लांना घेऊन सगळे तिच्या दारात आले. पुढे कोल्हा होता.

"साळूताई," तो म्हणाला, "झालं गेलं विसरून जा. तार तेवढी जोडा."

साळू उंबऱ्यावर उभी राहिली. तिच्यामागे पिल्लू होते, धापा टाकत. तिने विचारले, "नियम काय होता कोल्होबा? ज्याची वीज जास्त, तो पुढे. आज जास्त वीज कोणाची आहे? मोठ्याने सांगा. हिवाळ्यात सांगत होता तसं."

कोल्ह्याने मान खाली घातली. "तुमची."

"मग आता माझ्या पिल्लाने पोटभर पाणी प्यावं आणि तुमची पिल्लं दाराशी तडफडावी. न्याय आहे ना हा? मीटर काय खोटं बोलतो?"

कोल्ह्याने वळून पाहिले. मागे त्याचे सर्वांत धाकटे पिल्लू मान टाकून पडले होते. साळूने त्याच्याकडे पाहिले. तिला आपले पिल्लू आठवले. तिचा राग कमी झाला नाही, उलट वाढला. पण तो त्या पिल्लावर नव्हता.

"तार मी जोडीन," ती म्हणाली. "पण तो नियम आधी मोडायचा. ज्याच्या छपराला जेवढं ऊन, तेवढी वीज त्याने द्यावी आणि कोणी कोणाचा आकडा कोणाच्या तोंडावर फेकू नये. गुहेत जे पिल्लू सर्वांत अशक्त असेल, ऊब आणि पाणी आधी त्याला. आणि कोल्होबा, तुम्ही मला चोर म्हणाला होता. ते इथे, सगळ्यांसमोर परत घ्या."

"माझी चूक झाली असेल..." कोल्हा पुटपुटला.

"असेल नाही. झाली."

"झाली," कोल्हा म्हणाला. "तुम्ही चोर नव्हता. आळशीही नव्हता. आणि जागा मीच वाटल्या होत्या."

साळू छपरावर चढली आणि तिने तार जोडली. खाली पंप धडधडला आणि विवरातून पाण्याची धार वर आली. त्या दिवशी सर्वांत अशक्त पिल्लू कोल्ह्याचे होते. सगळ्यांच्या आधी तेच प्यायले, आणि साळूच्या पिल्लाने त्याला वाट करून दिली. कोणी दाराशी उरले नाही.

पाणी पिऊन झाल्यावर मुंगूस साळूजवळ घुटमळला. ओशाळे हसत म्हणाला, "सगळं छान झालं. आता राग गेला ना, ताई?"

"नाही," साळू म्हणाली. "तहान भागली असेल तर घरी जा. आणि माझी कंदमुळं अजून अंगणात पडली आहेत, जाताना ती उचलून आत ठेवा."

या गोष्टीचे तात्पर्य : छपराची दिशा न बघता नुसते आकडे ताडून पाहणारा अन्याय करतो; आणि तो अन्याय डोळ्यांनी पाहून आपली उबदार जागा न सोडणारा त्यात वाटेकरी होतो.