परसातली धामण

पूर्वी प्रतिष्ठान नगरात विजयसेन राजाचे राज्य चालले असताना बोधिसत्त्वाने धामणीच्या कुळात सर्प होऊन जन्म घेतला. नदीकाठी भद्रा नावाच्या गृहिणीचे घर होते. त्या घराच्या परसात तो राहत असे. परसात वाल, मुळा, सुरण होते, मांडवावर पडवळ लोंबत होते आणि कडेला केळी होत्या. सर्पाच्या देहाला नेमून दिलेले अन्न म्हणजे उंदीर. तेवढेच तो खाई. घरट्यातल्या अंड्यांना त्याने कधी तोंड लावले नाही.

भद्रेचा मुलगा नंदिल याचे लग्न झाले आणि कुमुदा सून म्हणून घरात आली. ती डोंगराकडच्या खेड्यातली. नगरात तिला फारसे बाहेर पडता येत नसे, म्हणून सकाळची कामे आटोपली की ती परसात येई. वेलांना पाणी घाली. केळफुलावर इवला शिंजीर पक्षी येऊन बसला की हातातला तांब्या तसाच धरून बघत राही. बोधिसत्त्व पानाआडून तिला पाही आणि त्यालाही बरे वाटे.

एकदा तिने दुधीचे पान वर उचलले. खाली बोधिसत्त्व होता. तो झर्रकन सरकला. कुमुदा किंचाळून मागे कोसळली आणि तिचे मनगट मोडले.

"अगं, धामण ती. तिला विष नसतं," भद्रा म्हणाली.

"विष नसेल, सासूबाई. पण माझ्या पायांना ते कसं कळायचं?"

मनगट जुळले, पण कुमुदा परसात येईना. दाराशी यायची, उंबऱ्यावर थांबायची आणि आत वळायची. बोधिसत्त्वाने हे काही दिवस पाहिले. मग तो कुंपणाकडे, पलीकडच्या डोंगराच्या दिशेने निघाला.

कुंपणावरच्या खारीने विचारले, "कुठे चाललास? डोंगरावर नुसता खडक आहे, आणि मुंगसं आहेत. परस जसं तिचं तसं तुझंही आहे."

"पोट मी कुठेही भरीन," बोधिसत्त्व म्हणाला. "तिला मोकळी जागा एवढीच आहे."

डोंगरावर त्याला पोटभर कधी मिळाले नाही. एका मुंगसाने त्याची शेपटी तोडली. त्याचा देह वाळत गेला, तरी आपण निघालो याचा त्याला पस्तावा झाला नाही.

इकडे कुमुदा पुन्हा परसात रमली. पण उंदीर वाढले. त्यांनी सुरण पोखरले, वालाची मुळे कुरतडली, मांडव ओका पडला. "धामण होती तोवर हे नव्हतं," भद्रा एवढेच म्हणाली.

कार्तिकात ही तिघे डोंगरावर आवळीखाली जेवायला गेली. पाने मांडता मांडता कुमुदाची नजर खडकाकडे गेली. चार हातांवर सर्प पडला होता. नंदिलने काठी उचलली. शेजारीच कपार होती, पण बोधिसत्त्व जागचा हलला नाही.

"थांबा!" कुमुदा नवऱ्याला म्हणाली. मग तिने सर्पाला विचारले, "काठी दिसते ना तुला? मग पळत का नाहीस?"

"मागे मी पळालो तेव्हा तू पडलीस, बाई," बोधिसत्त्व म्हणाला.

नंदिलने काठी खाली घेतली. कुमुदा त्या तुटक्या शेपटीकडे, सैल पडलेल्या कातडीकडे बघत राहिली.

"तू माझ्यासाठी परस सोडलंस?"

"तू उंबऱ्यावरून परत जायचीस. ते मला बघवेना."

"मला भीती वाटते तुझी," ती म्हणाली. "आताही वाटते आहे. तरी परत ये. मी दारातून टाळी वाजवीन, तू मुळ्याच्या वाफ्याकडे जा. आणि कधी चुकून समोर आलास, तर असाच पडून राहा. बाजूला मी होईन."

बोधिसत्त्व परत आला. कुमुदाची भीती काही गेली नाही, पण त्या दोघांनी आयुष्यभर तेच परस वापरले.

विहारात ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "तेव्हाची भद्रा म्हणजे आजची ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी सुव्रता. नंदिल म्हणजे विहाराच्या बागेचा राखणदार कच्चिल. कुमुदा म्हणजे समोर बसलेली उपासिका सोमा. आणि तो सर्प मीच होतो." ज्याला आपले भय वाटते त्याच्याही सुखाची काळजी वाहणे, ही मैत्री पारमिता होय.