दोन ठाणांमधली भिंत

घोडे बोलायचे आणि भिंती त्यांना उत्तरं द्यायच्या, तेव्हाची ही हकिगत. एका जहागीरदाराच्या पागेत दोन ठाणांमधली भिंत घोड्याच्या छातीइतकीच उंच होती. नवा अबलख घोडा शेजारच्या ओझ्याच्या तट्टाकडे बघून फुरफुरला, "याचं तोंड मला दिसता कामा नये."

भिंत म्हणाली, "मग तुमचंही त्याला दिसणार नाही, सरकार."

"बरंच होईल." अबलखाने दाणा सोडला. जहागीरदार घाबरला, त्याने गवंडी बोलावला आणि भिंत पार आढ्यापर्यंत चढवली.

दुसऱ्याच दिवशी घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार जेवायला गेलेले असताना अबलखाच्या पोटात जीवघेणी कळ उठली. मोठ्याने आवाज फुटेना. पलीकडे तट्टू निवांत कडबा चघळत होतं.

"त्याला हाक मार," अबलख भिंतीला कण्हत म्हणाला.

"मला ओरडता येत नाही. लाथ घाला, वरचा चुना ओला आहे."

त्याने सगळा जोर लावून मागचे पाय झाडले. वरच्या विटा ढासळल्या. तट्टाने डोकावून पाहिलं आणि असं खिंकाळलं की मोतद्दार उष्ट्या हातांनी धावत आले.

अबलख वाचला. गवंडी पुन्हा थापी घेऊन आला, तेव्हा अबलख भिंतीला अंग लावून उभा राहिला, आणि चौघांनी ओढूनही हलला नाही.