प्रभूला दिलेलं जाळं

“…आणि जाळं म्हणे पेटवूनच दिलं त्यानं, चर्चच्या दारात. खरं का गं?”

“पेटवलं ते पेटवलं, आता म्हणे मठात—”

इनास नळापाशी आला, तशा बायका गप्प झाल्या. एकीनं उगाच रिकामा हंडा हलवून बघितला. कोळीवाड्यात कुणाच्या कालवणात मीठ कमी पडलं तरी शेजारणीला कळतं, तिथं अशी गोष्ट लपते होय?

इनासच्या हातात कपड्यांची पिशवी होती. तो मान खाली घालून पुढं गेला.

जाळं त्यानं पेटवलं नव्हतं. चर्चसमोरच्या खुरसापाशी, त्या दगडी क्रुसाच्या पायरीवर नेऊन टाकलं होतं, एवढंच. रविवारच्या प्रवचनात ऐकलं होतं, प्रभूनं हाक मारली तशी पेत्र कोळ्यानं जाळी तिथंच टाकून दिली नि त्याच्या मागं निघाला. तेव्हापासून तीच हाक त्याला ऐकू येत होती. आज दुपारच्या बसनं मठात जायचं. त्याआधी फादर मिंगेलांचा आशीर्वाद घ्यायचा.

म्हातारे फादर खुरसाच्या पायरीवरच बसले होते. मांडीवर ते जाळं.

“फादर, हे मी प्रभूला दिलंय.”

फादर जाळं चाचपत राहिले. एके ठिकाणी भोक सापडलं, चांगलं मासळीच्या पाटीएवढं. फादरनी त्यातून डोकं बाहेर काढलं आणि तसेच, गळ्यात जाळं घेऊन, इनासकडं बघत बसले.

हसावं की गुडघे टेकावेत, इनासला कळेना.

“प्रभूला दिलंस?”

“हो.”

“फाटकं?”

“…शिवायलाच घेतलं होतं. मग हाक आली.”

“आणि तुझा दादा, पास्कू? तो शिवेल की.”

“दादाच्या हातात शिंगाळा माशाचा काटा मोडलाय. हात सुजून भोपळा झालाय. सुई धरवत नाही त्याला.”

“मग आज भरतीला होडी कोण नेणार?”

इनासनं पिशवी पायरीवर ठेवली.

“हंगाम लागला. सगळ्यांच्या गेल्या, तुमचीच राहिली. दादा काय म्हणाला?”

“जा म्हणाला… भिंतीकडं तोंड करून म्हणाला.”

“हं.”

“पण फादर, पेत्रानं मागं वळून पाहिलं नाही.”

“आणि प्रभू मेलेल्यांतून उठला, तेव्हा पेत्राला कुठं भेटला?”

इनासनं आठवून पाहिलं. “समुद्रावर. जाळं टाकत होता तो.”

“परत?”

“हो… परत.”

“रागावला प्रभू?”

“नाही. किनाऱ्यावर विस्तव केला, मासे भाजले. या, न्याहारी करा म्हणाला.”

“हं,” फादर म्हणाले, आणि डोकं भोकातून मागं घेतलं.

इनासच्या डोक्यात होता तो गुंता दुप्पट झाला. जाळं सोडून जाणारा पेत्र खरा की परत धरणारा? विचारायला तोंड उघडलं, तर फादर जाळ्याची कड ताणून धरून बसलेले. सुई अजून तिथंच अडकली होती, दोऱ्यासकट.

तो खाली बसला. शिवू लागला.

चढावर बसनं हॉर्न दिला. दोघांनीही ऐकला. फादरनी कड सोडली नाही, इनासनं सुई सोडली नाही. बस गेली.

बायका उद्या नळावर काय सांगणार, कोण जाणे. जाळं काही जळलेलं नव्हतं. मठाची पिशवी तेवढी खरी होती, पायरीवर पडलेली.

शेवटची गाठ मारून इनासनं जाळं खांद्यावर घेतलं. किनाऱ्याकडं निघाला, पुन्हा थांबला.

“फादर, म्हणजे ती हाक खोटी होती?”

“खरी होती.”

“मग मी कुणाच्या मागं चाललोय?”

फादर गुडघ्यावर हात टेकून उठले. लोंबणारं जाळं उचलून त्याच्या खांद्यावर नीट ठेवलं.

“जड लागतंय?”

“लागतंय.”

“इथं टाकायला आणलंस, तेव्हा लागलं होतं?”

“…नाही.”

“मग आज बरोबर त्याच्याच मागं चाललायस.”