अण्णासाहेबांचा अंगठा

एका शहरात एक विमा कंपनी होती. तिचे मालक अण्णासाहेब रायरीकर. कोणाच्याही आजारपणाचा दावा मालकाने स्वतः पाहून ‘द्या’ म्हटल्याशिवाय मंजूर व्हायचा नाही, ही तिथली वडिलांपासूनची चाल. माणूस वाईट नव्हता, फक्त मानाचा फार भुकेला.

कंपनीत नवं सॉफ्टवेअर आलं. ते बसवायला आलेली शर्वाणी म्हणाली, "साहेब, रंग बदला, नावं बदला, वडिलांचा फोटो लावा. एक सोय मात्र सगळ्या कंपन्यांत सारखीच असते. मालकाचं उत्तर वेळेत आलं नाही, तर दुसरा अधिकारी मंजुरी देतो."

"माझ्या खुर्चीत दुसरा बसवता?" अण्णासाहेब म्हणाले. "काढून टाका ती. इथे माझ्या फोनवर माझा अंगठा टेकल्याशिवाय काही हलायचं नाही."

"इतरांना ठेच लागली, तेव्हा ती सोय आली, साहेब. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा."

"पैसे आम्ही देतोय ना? मग आमच्या मापाचंच शिवा."

सोय निघाली, आणि अण्णासाहेबांनी कचेरीत पेढे वाटले.

पुढे एका दुपारी घाटात त्यांची गाडी उलटली. ते बेशुद्ध पडले, फोनचा चुरा झाला आणि त्यांचा जुना ड्रायव्हर निवृत्ती याला पोटात मार बसला. साहेबांसाठी घरच्यांनी रोख पैसे भरले. निवृत्तीचा विमा साहेबांच्याच कंपनीत होता, म्हणून त्याची काळजी कोणी केली नाही. ऑपरेशनसाठी दवाखाना मंजुरीची वाट पाहत राहिला.

कचेरीतले अधिकारी एकमेकांची तोंडं बघत बसले. शर्वाणीला बोलावलं. ती धावत आली, पण काढलेली सोय परत बसवायलाही अण्णासाहेबांचाच अंगठा लागत होता. हट्टाने तसंच करून घेतलं होतं त्यांनी.

निवृत्तीची बायको हौसा येईल त्याला विचारत होती, "सायबांचं हो आलं का?" साहेबांच्या घरच्यांच्या कानावर हे गेलं, तोवर फार उशीर झाला होता.

अण्णासाहेब शुद्धीवर आले, तेव्हा मुलाने नवा फोन त्यांच्या हातात दिला. त्यावर पहिलंच नाव निवृत्तीचं होतं. त्यांनी घाईघाईने अंगठा टेकवला. मंजुरी तत्काळ गेली.

"आता करतील ना त्याचं ऑपरेशन?" त्यांनी विचारलं.

मुलगा खाली बघत म्हणाला, "अण्णा, काल अग्नी दिला त्याला."

तात्पर्य: इतरांनी ठेच खाऊन घालून दिलेली रीत आपल्या मानापायी मोडू नये, त्या मानाची किंमत बहुधा दुसराच कोणी मोजतो.