वीतभर सोनेरी ताणा

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, आणि शब्द साधेच आहेत. पंतोजींचं दुसरं पुस्तक संपायच्या आत मी मागावर बसलो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

एका राज्यात एक विणकर होता आणि त्याची थोरली बहीण होती. विणकर मी, नागू. बहीण सगुणाअक्का. मी विणायचो, अक्का विकायची, कारण गिऱ्हाईक समोर आलं की माझी जीभ टाळूला चिकटायची.

त्या राज्यात विरूप नावाचा मांत्रिक होता. त्यानं राजाचा सोन्याच्या तारेचा खजिना पळवून डोंगरात ठेवला होता आणि त्यावर शाप घातला होता, की त्याच्याखेरीज दुसऱ्या ज्याच्याकडे हे सोनं सबंध असेल त्याची मूठ उघडणार नाही. सोनं आणायला गेलेले तीन सरदार अजून डोंगरात मुठी मिटून बसले होते.

पाडव्याच्या बाजारात विरूप अक्काशी धोतरजोडीसाठी घासाघीस करू लागला. अक्का म्हणाली, "डोंगरभर सोनं बाळगता आणि धोतराचा भाव पाडता. शोभतं का?"

बाजार हसला. विरूपानं चिमूटभर राख फुंकली आणि अक्काची साळुंकी झाली.

"उन्हाळ्यात तीन जत्रा भरतात," विरूप मला म्हणाला. "चैत्रात ऊन पिणारं वस्त्र विक. वैशाखात वाट दाखवणारं. ज्येष्ठात माझ्या सोन्याचं. तिसऱ्या जत्रेचा दिवस मावळायच्या आत तिन्ही विकलीस तर बहीण तुझी. नाहीतर ती जन्माचं पाखरू."

साळुंकी माझ्या खांद्यावर येऊन बसली. "तोंड काय पाहतोस, नाग्या? सुताच्या कांड्या भर."

पहिल्या वस्त्राचं सूत मी सात दिवस विहिरीच्या तळाशी भिजवलं, जिथं ऊन कधी पोचत नाही. आमच्यात माग मोकळा ठेवत नाहीत. कापड कापून उतरवायचं, पण वीतभर ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर राहू द्यायचा आणि नव्या सुताची टोकं त्याच जुन्या टोकांना जोडायची. तसंच केलं, आणि चैत्राच्या जत्रेत गेलो.

"या, या!" अक्का माझ्या डोक्यावर बसून ओरडली. "भट्टीशेजारी पांघरा, दात वाजतील!"

बोलणारी साळुंकी पाहून जत्रा लोटली. एका कुंभारणीनं वस्त्र अंगावर घेतलं आणि ती भर उन्हात कुडकुडली. दोन घडे देऊन तिनं ते नेलं. वस्त्र खपलं तसा मी अक्काला घेऊन घरी पळत आलो. आनंदानं मला नुसतं चालवेचना.

दुसऱ्या वस्त्राचं सूत घरी परतणाऱ्या गाईंच्या पायधुळीनं रंगवलं. ते अंथरलं की ज्याची त्याची घरची वाट त्यावर उमटे. पण वैशाखाच्या जत्रेत अक्का म्हणाली, "घ्या... वाट..." आणि पुढं नुसतीच किलबिलली. तिचे शब्द सरत चालले होते. तांड्यापासून चुकलेला एक लमाण समोर उभा होता. अक्कानं माझ्या कानाला चोच मारली.

"खरी वाट आहे," मी म्हणालो. त्या जत्रेत तेवढेच शब्द मला जमले. लमाणानं मिठाची गोणी दिली आणि तो वस्त्रावरची वाट बघत बघत निघून गेला.

मग डोंगर. विरूपानं सोन्याकडे बोट केलं. मी सगळ्या तारेचं भेंडोळं उचललं आणि माझी उजवी मूठ मिटली.

विरूप म्हणाला, "आता विण, आणि विकून दाखव."

घरी मागावर अक्कानं चोचीनं सोन्याचं एकेक टोक जुन्या टोकाला जोडलं. सगळी तार ताण्यात गेली. डाव्या हातानं मी धोटा टाकायचो, पलीकडून अक्का तो ढकलून परत पाठवायची, मिटल्या मुठीनं मी फणी ठोकायचो. तिला आता एकही शब्द येत नव्हता, तरी ती कशावर रागावलीय हे मला कळायचं. माग असा वाजत होता की शेजारी कामं टाकून दारात उभे राहत.

जत्रेच्या सकाळी वस्त्र झालं. सवयीनं मी वीतभर ताणा सोडला आणि कात्री चालवली. मूठ उघडली.

मी माझ्या बोटांकडे पाहिलं, मागावरच्या सोनेरी टोकांकडे पाहिलं, आणि मला समजलं. वस्त्र खांद्यावर टाकून मी धावत सुटलो.

जत्रेत विरूप आधीच उभा होता. "शापाचं सोनं आहे," तो लोकांना सांगत होता. "घेणाऱ्याची मूठ मिटेल." लोक मागं सरले. खुद्द राजाही लांबच थांबला. दिवस कलला. अक्कानं खांद्यावरून माझ्या कानाला पुन्हा चोच मारली. मी तोंड उघडलं, आवाज आला नाही. पुन्हा उघडलं.

"हे सबंध नाही," मी म्हणालो. मग उजवा हात वर करून मोठ्यानं म्हणालो, "वीतभर सोनं माझ्या मागावर आहे. माग मोकळा ठेवत नाहीत. बघा, माझी मूठ उघडी आहे."

विरूपाचा चेहरा उतरला. तो कधी मागावर बसला नव्हता.

राजा पुढं आला. "किंमत बोल."

"पांढऱ्या सुताच्या तीन लडी, महाराज. उद्या सकाळी लागतील. आणि हे नेसा. तिजोरीत ठेवू नका."

राजानं लडी मागवून माझ्या हातात दिल्या आणि वस्त्र खांद्यावर घेतलं. त्याची बोटं मोकळीच राहिली. "मागावरची वीत मागाची," तो म्हणाला.

डोंगरात तीन सरदारांच्या मुठी उघडल्या आणि ते घरी चालू लागले. विरूपानं राख उचलली, तोच शाप उलटून त्याची मूठ मिटली. ती अजून मिटलेलीच आहे. माझा खांदा एकदम जड झाला आणि मी अक्कासकट खाली पडलो.

"तीन लडी?" अक्का धूळ झटकत म्हणाली. "राजा समोर उभा होता, नाग्या. पाच तरी मागायच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात उतरलो. अक्का कांड्या भरत होती आणि भाव कसा बोलावा ते मला सांगत होती. मी पांढऱ्या सुताची टोकं सोन्याच्या टोकांना जोडली, आणि धोटा टाकला.