वरणाचं ओगराळं

जमिनीवर पंगती बसायच्या, त्या काळची गोष्ट. पितळेचं नवं ओगराळं पहिल्यांदाच वरण वाढायला निघालं. पहिल्याच पानावर दामूअण्णा म्हणाले, "थांब जरा, भाताला आळं करतो."

ओगराळं अदबीनं थांबलं. अण्णा गप्पांत रमले. पुढच्या साठ पानांवरचा भात सुकू लागला, पाहुणे कुजबुजू लागले.

"यजमानांची लाज घालवशील!" वरणाची जुनी बादली खेकसली. "पुढं चल. अण्णांना परतताना वाढ."

साठ पानं वाढून ओगराळं परतलं, तेव्हा अण्णांचं आळं नुकतंच झालं होतं.

"अगदी वेळेवर आलंस!" अण्णा म्हणाले.

आता तशा पंगती बसत नाहीत; ओगराळं खुंटीवर असतं. कुणीतरी पुन्हा "थांब जरा" म्हणेल, म्हणून कान देऊन.