वांड पोरांचा शहाणपणा

खाडीकाठच्या एका गावात वैजू, डिगू, यज्ञेश आणि हिरामण अशी चार वांड पोरं राहत होती. गुरुजींच्या पिशवीत जिवंत खेकडे सोडायचे, शाळा सुटायच्या आधीच घंटा बडवायची, असले त्यांचे उद्योग. वैजू त्यांची म्होरकी. भरतीच्या पाण्यात बुडी मारून सगळ्यांत जास्त वेळ खाली राहायची ती. तिच्या खालोखाल हिरामण. दोघांची कायम चुरस चाले, आणि वैजू एकदाही हरली नव्हती.

एका हिवाळ्यात हिरामणला न्यूमोनिया झाला. छातीत पाणी साचलं. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नळी घालून ते काढलं. ताप उतरला, नळीही निघाली. आता काम उरलं होतं ते हिरामणचंच. तीन रंगीत गोळ्यांचं एक यंत्र त्याला दिलं होतं. त्यातून श्वास जोरात आत ओढला की गोळ्या वर चढायच्या आणि आखडलेलं फुप्फुस उघडायचं. पण श्वास ओढला की बरगडीत कळ यायची. हिरामणने यंत्र उशाखाली ढकललं आणि भिंतीकडे तोंड केलं. आईने गोंजारलं, मामाने नवी बॅट कबूल केली. काही उपयोग झाला नाही.

डॉक्टर म्हणाले, "हा असाच पडून राहिला तर पाणी पुन्हा भरेल. मग शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही."

ही बातमी गावात आली, तशी तिघं त्याला भेटायला निघाली. वैजूच्या आईने दटावलं, "तिथे दंगा केलात तर याद राखा. आजारी माणसाशी गोड बोलायचं असतं."

तिघांनी ते मनावर घेतलं. केस चापूनचोपून बसवले. खाटेशेजारच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसली.

डिगूने विचारलं, "आता कसं वाटतंय तुला?"

यज्ञेश म्हणाला, "देव सगळं ठीक करील."

वैजूने मोसंबं सोललं आणि एक फोड हळूच हिरामणपुढे धरली.

हिरामण तिघांकडे बघतच राहिला. "वैजू, मी मरणार आहे का गं?"

"असं काय विचारतोस?"

"मग तुम्ही एवढी शहाण्यासारखी का वागताय?"

वैजू ताडकन उठली. तिने ती फोड स्वतःच्याच तोंडात टाकली. "मरतोस कसला! नुसता लोळतोयस. काढ ते यंत्र. लाव पैज माझ्याशी!"

वॉर्डातल्या गावित सिस्टर पुढे आल्या. "त्याची नळी दुसऱ्या कुणी तोंडाला लावायची नाही," असं बजावत त्यांनी कपाटातून दुसरं कोरं यंत्र काढून वैजूला दिलं.

हिरामण कण्हत उठून बसला. त्याने श्वास ओढला. पहिली गोळी जेमतेम हलली आणि खाली पडली. त्याच्या कपाळावर घाम आला. तो घाम बघून वैजूला भरून आलं. तिने मुद्दाम हलकासा श्वास घेतला. तिची गोळी जागची हललीसुद्धा नाही.

"हरले बाबा!" ती म्हणाली.

डिगूने टाळ्या पिटल्या. हिरामण मात्र लालबुंद झाला. "खोटारडी! माझ्यापुढे कधी हरलीस का तू? आजारी आहे म्हणून भीक घालतेस?" आणि तो पुन्हा भिंतीकडे वळला.

वैजूचा चेहरा उतरला. खरं खेळावं, तर तो आणखी खचेल. खोटं खेळावं, तर तो कायमचा तुटेल. तिने यंत्र पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाली, "चुकलं माझं. आता खरी खेळते. पण मग रडायचं नाही."

तिने छाती भरून श्वास ओढला. तिन्ही गोळ्या खाडकन वर जाऊन चिकटल्या.

"अगं, आजारी आहे तो!" हिरामणची आई कळवळली.

हिरामणने पांघरूण भिरकावलं. "परत!"

त्याने दात आवळून बरगडीवर उशी दाबून धरली आणि श्वास ओढला. पहिली गोळी वर गेली.

"एवढंच?" वैजू म्हणाली.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आई त्याला थांबवायला उठली, पण सिस्टरांनी तिचा हात धरला. "थांबा, ताई. आज पहिल्यांदा तो स्वतःहून मागतोय."

खोकल्याची उबळ येऊन गेली आणि हिरामणने पुन्हा नळी तोंडाला लावली. या वेळी दुसरी गोळीही उडाली.

मग तिघं शाळा सुटली की रोज एसटीने येऊ लागली. वैजू रोज जिंकायची. एकदाही तिने सूट दिली नाही. हिरामण तिला शिव्या घालायचा आणि ती गेली की दुसऱ्या दिवशी परत येईपर्यंत सराव करायचा. भिंतीकडे तोंड करायला त्याला वेळच उरला नाही.

एका संध्याकाळी वैजूच्या तीन गोळ्या वर गेल्या आणि त्यांच्या जोडीने हिरामणच्याही तीन वर गेल्या. अख्खा वॉर्ड ओरडला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. गप्प बसा म्हणायचं सिस्टरांनाही सुचलं नाही.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरला आणि हसले. "शस्त्रक्रियेची गरज नाही. उद्या घरी."

दुसऱ्या दिवशी हिरामण कुणाचा हात न धरता दवाखान्याच्या पायऱ्या उतरला. मागे त्याचं बोचकं घेऊन तीन पोरं बोंबलत येत होती.

तात्पर्य: खचलेल्या मित्राला कीव करून जिंकवू नये. त्याला बरोबरीचा मानून झुंजू द्यावं, म्हणजे तो आपल्याच बळावर उभा राहतो.